बेगमी

वहिनीच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर जुन्या अ‍ॅप्रनचं फडकं टाकलेलं असायचं. कारखान्यात त्या पेटीला सगळे बेगमी म्हणत. बाहेरच्या माणसाला वाटावं की बायकांनी चहा-साखर दडवून ठेवली असेल. साहेबांना बरीच वर्षं तसंच वाटत होतं, आणि त्यांचा तो समज मोडायला कोणी गेलं नाही.

पेटीत पिना होत्या. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी, बोटाच्या पेराएवढी पोलादी पिन. हा कारखाना दुसरं काही बनवतच नसे. लेथच्या एका बाजूने लांब सळी आत शिरायची, दुसऱ्या बाजूने पिना टपटप ट्रेमध्ये पडायच्या, मग धुऊन, तपासून, खोक्यांत भरून त्या वहिनीच्या टेबलावरून गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे रवाना व्हायच्या. एका पाळीत एका लेथवर किती पिना निघायला हव्यात हे ऑफिसने ठरवलेलं होतं. आणि ऑफिस म्हटलं की त्याची खोड सगळीकडे एकच. एखाद्याने उत्साहाच्या भरात जास्त काढून दाखवल्या, की दुसऱ्या दिवसापासून तेवढ्या काढणं हे त्याचं रोजचं काम होऊन बसतं. म्हणून जास्त निघालेल्या पिना कोणी दाखवत नसे. त्या गुपचूप पेटीत जायच्या. मग ज्याची कंबर धरली आहे, ज्याचं लेकरू तापाने फणफणलं आहे, ज्याची मशीन रुसून बसली आहे, त्याच्या ट्रेमध्ये त्याच पेटीतून भर पडायची. विचारायचं नाही, मोजायचं नाही आणि उपकार बोलून दाखवायचे नाहीत, एवढाच त्यातला नियम होता.

ही रीत मावशींनी घालून दिली. मावशी म्हणजे वहिनीच्या आधी त्या टेबलावर बसणारी बाई. तोंडाने फटकळ, पण कोणाच्या ट्रेमध्ये किती कमी आहे हे त्यांना त्या माणसाच्या चालण्यावरून कळायचं. काम सोडताना त्यांनी टेबलाची किल्ली वहिनीच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पेटीचा तळ कधी दिसू देऊ नकोस गं." पुढे मावशी वारल्या. किल्ली राहिली.

वहिनीला वहिनी म्हणायचं कारण तिचा नवरा. तो तिच्या कितीतरी आधी तिथे लागला होता आणि त्याला सगळे उस्ताद म्हणत. कोपऱ्यातली लेथ त्याची. नवीन माणूस सकाळी येऊन कापायचं टूल बसवतो, एक पिन काढतो, मोजतो, पुन्हा टूल हलवतो, पुन्हा एक पिन काढतो आणि चहाची वेळ होते. उस्ताद एकदाच बसवायचा आणि पहिलीच पिन तपासणीच्या गेजमध्ये अशी सुळकन जायची, की बघणाऱ्याला वाटावं, गेजच तिच्या मापाचं केलंय. त्याच्या ट्रेमधून रोजच जास्तीच्या पिना निघायच्या. बेगमीतल्या दर मूठभर पिनांमध्ये बऱ्याचशा त्याच्याच असायच्या. तो त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, पण संध्याकाळी ट्रे टेबलाखाली सरकवताना त्याच्या मिशीच्या कोपऱ्यात जे काही हलायचं, त्यावरच वहिनी कधीकाळी भाळली होती. हे ती आता कबूल करायची नाही.

गेल्या वर्षी तो आंघोळीला गेला आणि तिथेच घसरला. घसरला असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड झाली होती आणि उजवा हात खांद्यापासून पडून राहिला होता. डॉक्टरांनी वाचवला. तोंड सरळ झालं, जीभ सुटली, हातही हलू लागला. पण बोटांना कंप राहिला तो राहिलाच. ऑफिसला दोघांनी मिळून कंबरेचं दुखणं सांगितलं, आणि उस्ताद पुन्हा कोपऱ्यातल्या लेथवर उभा राहिला.

लेथ चालवायला हातात ताकद लागत नाही. पण टूलच्या टोकाशी एक टिप असते, नखाएवढी. ती झिजली की बदलावी लागते, आणि ती धरून ठेवणारा स्क्रू गव्हाच्या दाण्याएवढा. हा स्क्रू उस्तादच्या बोटांतून निसटायचा आणि खाली कुरळ्या पोलादी किसाच्या ढिगात पडायचा. मग तो वाकून शोधायचा. तोवर मशीन उभी. पूर्वी जे काम बोलता बोलता व्हायचं, त्याला आता त्याचा घाम निघायचा. संध्याकाळी वहिनी मान वर न करता त्याच्या ट्रेमध्ये पेटीतल्या पिना घालायची. त्याला हे ठाऊक होतं. जन्मभर ज्या पेटीत भर घातली तिच्यातलंच आता आपल्याला वाढलं जातंय, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. घरी तो जेवताना बोलेनासा झाला.

अशात एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. साहेब वाईट नव्हते. फक्त वरून जे येईल ते खाली सांगताना ते स्वतःलाच पटवल्यासारखे बोलायचे. मोठ्या कंपनीने म्हणे दुसरीकडे एक नवा कारखाना उभा केला होता. तिथे माणूसच नव्हता. सळ्या आणणारी यंत्रं, पिना काढणारी यंत्रं, खोकी भरणारी यंत्रं; आणि यंत्रांना डोळे नसल्याने तिथे दिवेसुद्धा लावत नसत. आता पिना तिथूनच घ्यायच्या की इथूनही काही घेत राहायच्या, हे एक महिना बघून ठरणार होतं.

लंबू, म्हणजे उस्तादच्या शेजारच्या लेथवरचा उंच माणूस, म्हणाला की अंधारातच काम करायचं तर आम्हीही डोळे मिटून करतो, त्यात काय मोठंसं. सगळे हसले. पण त्या दिवसापासून त्या कारखान्याचं नाव अंधारा कारखाना पडलं आणि एकेकाचा जीव टांगणीला लागला. या वयात, पिनांखेरीज दुसरं काही न बनवलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार होतं?

महिना सुरू व्हायच्या आधी कारखान्यात तीन गोष्टी आल्या. वहिनीच्या टेबलाशेजारी खुणा करणारं यंत्र बसलं. प्रत्येक पिनेवर ते बारीक ठिपक्यांची नक्षी उठवायचं, आणि ती नक्षी वाचली की पिन कोणत्या लेथवर, कोणत्या दिवशी, कोणत्या सळीतून निघाली ते कळायचं. वहिनीने फक्त आधी लेथचा आकडा दाबायचा. दुसरी गोष्ट भिंतीवरचा मोठा पडदा. त्यावर प्रत्येक लेथच्या नावापुढे खुणा झालेल्या पिनांची संख्या दिसायची. पुरेशी असली तर हिरवी, कमी पडली तर लाल. आणि तिसरी गोष्ट, प्रत्येक लेथच्या पाठीमागे, सळी जिथून आत शिरते तिथे, दोन स्क्रूंनी बसवलेली राखाडी डबी. ती कशासाठी असं लंबूने विचारलं, तेव्हा बसवणारा म्हणाला की मला सांगितलं, मी लावली. साहेब म्हणाले, वीजबीज मोजत असेल. मग तिच्याकडे कोणी पुन्हा पाहिलं नाही.

उस्तादने मात्र त्या रात्री जेवताना तोंड उघडलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता प्रत्येक पिनेवर खूण आहे. पेटीतलं काही चालायचं नाही. जे असेल ते दिसेल."

"दिसू दे की," वहिनी म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

पहिले काही दिवस जे होतं तेच दिसलं. कोपऱ्यातल्या लेथचा आकडा लाल. बाकीचे हिरवे, एखादा कधीमधी लाल होऊन पुन्हा हिरवा. हा मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा आणि लगेच दुसरीकडे पाहायचा. उस्ताद पडद्याकडे पाठ करून उभा राहायला लागला. ज्याचा आकडा लाल, त्याला आधी घरी पाठवणार अशी कुजबुज सुरू झाली होती. एकदा तर दुपारी त्याच्या हातून स्क्रू निसटला तेव्हा तो वाकलाच नाही. तसाच मशीनला हात टेकून उभा राहिला, आणि ते वहिनीला टेबलावरून दिसलं.

त्या दिवशी तिने फडकं बाजूला केलं, पेटीतल्या दोन मुठी पिना काढल्या, कोपऱ्यातल्या लेथचा आकडा दाबला आणि त्या खुणेच्या यंत्राखालून काढल्या. यंत्राने काही हरकत घेतली नाही. त्याच्या दृष्टीने पिन ती पिन. ठिपके उमटले, पडद्यावरचा आकडा सरकला. दुसऱ्या दिवशी तिने थोड्या जास्त काढल्या. तिसऱ्या दिवशी आकडा हिरवा झाला.

तिला वाटलं होतं, त्याच्या लक्षात येईल. तो तिच्याकडे एकदा बघेल आणि नेहमीसारखा गप्प राहील. पण माणसांवरून ज्याचा भरवसा उडतो तो यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पडदा खोटं कशाला बोलेल? उस्ताद कितीतरी वेळ त्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचा उजवा हात वर केला, उलटासुलटा केला, जणू तो बऱ्याच दिवसांनी घरी आलेला पाहुणा आहे.

घरी त्याने कपाटाच्या तळातून रबरी चेंडू काढला. डॉक्टरांनी तो दाबायला सांगितला होता आणि त्याने रागारागाने भिरकावून दिला होता. आता तो जेवणाआधी दाबायचा, जेवणानंतर दाबायचा, बोलता बोलता दाबायचा. आणि बोलायला लागला होता तो. लंबूची नक्कल करायचा, मुलाला फोन करून तासभर छळायचा. मुलगा दूर एका गोदामात पार्सलं हलवायचा आणि कारखान्याचं नाव काढलं की कंटाळायचा. त्यालासुद्धा हा सांगत होता की हात सुधारतोय, डॉक्टर म्हणत होते तसंच होतंय, वेळ लागतो एवढंच. वहिनी भांडी विसळत ऐकायची. नळ जरा मोठा सोडायची.

दुखण्यानंतर रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची. दोघांनाही त्याची सवय झाली होती, बोलणं चालू असायचं आणि बटणं लागायची. एका सकाळी त्याने तिचा हात हळूच बाजूला केला. आरशासमोर उभा राहून एकेक बटण स्वतः लावत गेला. कामाला उशीर होत होता, पण ती थांबली. शेवटी तो वळला तेव्हा शर्टाची एक बाजू वर आणि एक खाली होती. सुरुवातच चुकली होती, मग पुढची सगळीच बटणं एकेक घर सरकून लागली होती.

"कसं काय?" त्याने विचारलं.

"छान," ती म्हणाली. दिवसभर तो तसाच वावरला आणि कारखान्यात कोणीही त्याला ते सांगितलं नाही.

लंबूच्या मात्र आकड्यांची गोम लक्षात आली होती. शेजारची मशीन थांबली की आवाजात फरक पडतो, तो लेथवाल्याला झोपेतही कळतो. चहाच्या सुटीत तो वहिनीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि कप फुंकत म्हणाला, "वहिनी, उस्तादांची लेथ इथे उभी असते आणि पडद्यावर पळते. हे कसं?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं, आणि खरं बोलायची गरजच नव्हती. लंबूने वाकून फडक्याचं टोक उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. उरलेला चहा संपवला. आणि मग त्याने जे सुचवलं ते तिथे असलेल्या कोणालाही सुचलं असतं. तो म्हणाला की बेगमी काही एकट्या उस्तादांची नाही आणि एकट्याची अडचणही नाही. अडल्यानडल्याला म्हणूनच साठवली ना? मग याहून मोठी अडचण ती कोणती? महिना संपत आलाय. सगळ्यांच्याच आकड्यांत घालू. अंधाऱ्या कारखान्याने तोंडात बोट घातलं पाहिजे.

वहिनीला मावशींचं बोलणं आठवलं. पण मावशींच्या वेळी एवढं मोठं संकट कुठे आलं होतं, असं तिने स्वतःला समजावलं. माणसाला हवं ते करायचं असलं की समजूत लवकर पटते. एकेकाला कानोकान कळलं. उस्तादला सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं नाही, पण कोणी सांगितलं नाही.

शेवटचा आठवडा कारखान्यात सणासुदीसारखा गेला. पडद्यावर एकही लाल आकडा नव्हता. साहेब दर तासाला केबिनमधून बाहेर येऊन बघायचे आणि हात चोळत परत जायचे. माणसं खरोखरच झपाटल्यासारखी काम करत होती, आणि वरून बेगमी. जुन्या, कोणकोणत्या हातांनी काढलेल्या, काही तर आता या जगात नसलेल्यांनी काढलेल्या पिना यंत्राखालून जात होत्या आणि आजच्या तारखेचे ठिपके अंगावर घेऊन बाहेर पडत होत्या. सगळ्या मापात होत्या, एकही वाईट नव्हती. शेवटच्या दिवशी दुपारी वहिनीने पेटीत हात घातला आणि बोटं पत्र्याला लागली. तिने घाईघाईने फडकं दुमडून आत ठेवलं, म्हणजे तळ दिसू नये.

मोठ्या कंपनीची बाई आली ती पुढच्या आठवड्यात. चष्मा, हातात एक लहान संगणक, आवाज हळू. तिने आधी साहेबांशी दार लावून बोलून घेतलं. दार उघडलं तेव्हा साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं गेलं. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसली. उस्ताद मागच्या बाकावर होता, खिशात चेंडू घेऊन.

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सावकाश समजावून सांगितलं. लेथच्या मागची ती राखाडी डबी विजेसाठी नव्हती. सळी आत किती सरकली ते ती टिपून ठेवत होती. या कारखान्यात महिन्याभरात किती पोलाद आत गेलं ते तिच्याकडे होतं, आणि किती पिना बाहेर आल्या तेही होतं.

"एवढ्या सळ्यांमधून एवढ्या पिना निघत नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त फरक कोपऱ्यातल्या लेथचा आहे. तिथे तर पहिला आठवडा सोडला तर महिनाभर. जास्तीच्या पिना कुठून आल्या, एवढंच मला कळायला हवं."

वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिला वळताच आलं नाही. ती उठून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पेटी, मावशी, रीत, आणि यंत्रावर कोणाचा आकडा दाबला तेही. लंबू मध्येच उठून म्हणाला की सगळ्यांनी मिळून केलंय, एकट्या वहिनींनी नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि कोणाकडेच न बघता पुटपुटले की मला वाटायचं चहा-साखर आहे.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या पिना खराब होत्या का. नव्हत्या, वहिनी म्हणाली. एकसुद्धा नव्हती.

"मला पटतंय," बाई म्हणाली. "पण ही ब्रेकची पिन आहे. उद्या एखादी तुटली तर ती कोणत्या सळीतली, कोणत्या दिवसाची, हे मला सांगता आलं पाहिजे. तशाच दुसऱ्या किती गाड्यांत बसल्या आहेत ते शोधता आलं पाहिजे. या महिन्यातल्या एकाही पिनेबद्दल आता मला ते सांगता येणार नाही. खूण आहे, पण खूण खरी नाही."

लंबू म्हणाला, बहुतेक स्वतःची समजूत घालण्यासाठीच म्हणाला, की तसंही अंधाऱ्या कारखान्यापुढे आमचा काय निभाव लागणार होता. आज नाही तर उद्या हेच व्हायचं होतं.

बाईने संगणक मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. तिला ते सांगायचं नसावं. पण सरळ माणसांचा हाच त्रास असतो, विचारलं की सांगून टाकतात.

"संख्येसाठी आम्ही तुमच्याकडे आलोच नव्हतो," ती म्हणाली. "मागे तो नवा कारखाना काही दिवस बंद पडला, तेव्हा आमच्या गाड्या ब्रेकवाचून उभ्या राहिल्या. म्हणून सगळी भिस्त एकाच ठिकाणी ठेवायची नाही असं ठरलं. थोड्याच पिना, पण बिनचूक हिशेबाच्या, एवढंच हवं होतं. पहिल्या आठवड्यात तुमचे जे आकडे होते, लाल धरून, तेवढ्यावर चाललं असतं."

वहिनी उभीच होती. बसायचं असतं हे ती विसरली होती. तिला कोणी बोललं नाही, ना त्या दिवशी ना नंतर. बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तर तिला निदान कशाशी तरी भांडता आलं असतं. उलट बायका येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि प्रत्येक हाताबरोबर तिला वाटत होतं की जमिनीने पोटात घ्यावं.

उस्ताद घरी आला. जेवला, ताट उचलून ठेवलं, झोपला. चेंडू त्याने खिशातून काढून खिडकीत ठेवला होता. सकाळी ती चहा घेऊन आली तर तो आरशासमोर नव्हता. खोलीच्या मधोमध, शर्टाची बटणं उघडी ठेवून, हात खाली सोडून तिच्यासमोर उभा होता. तिने कप ठेवला आणि खालपासून वरपर्यंत बटणं लावली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

कारखाना बंद व्हायचा दिवस ठरला. त्याआधी एकच काम उरलं होतं. त्या महिन्यातल्या सगळ्या पिना, खोकीच्या खोकी, परत आल्या होत्या. त्या चुकून कोणाच्या गाडीत बसू नयेत म्हणून प्रेसखाली चेपून भंगारात घालायच्या होत्या, आणि ते ज्यांनी बनवल्या त्यांनाच करायचं होतं. साहेबांनी रोज किती ट्रे चेपायचे तेही ठरवून दिलं. ऑफिस ते ऑफिसच.

भिंतीवरचा पडदा तोवर काढून नेला होता. तिथे फिकट चौकोन राहिला होता. उस्तादला प्रेस मिळाला आणि वहिनी त्याला ट्रे देत होती. पिना प्रेसखाली पसरायच्या, खालच्या पट्टीवर पाय दाबायचा, धप्प, चपटं झालेलं पोलाद बाजूला लोटायचं. गव्हाच्या दाण्याएवढा स्क्रू नाही, टिप नाही, गेज नाही. या कामाला हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं. दुपारपर्यंत असंच काम चाललं. मग त्याने पाय उचलून धरला.

"यातल्या माझ्या किती?" त्याने विचारलं.

"कोणत्या?"

"माझ्या आकड्यात घातल्यास त्या. पेटीतल्या."

वहिनीने ट्रेमधली एक पिन उचलली. ठिपके सोडले तर ती कालची की पंधरा वर्षांपूर्वीची, कोणाला सांगता आलं नसतं.

"पेटीतल्या बहुतेक तुमच्याच होत्या," ती म्हणाली. "मावशी होत्या तेव्हापासूनच्या. तुमच्याच तुम्हाला दिल्या."

तिला वाटलं, मिशीचा कोपरा आता हलेल.

"म्हणजे या महिन्यात हात सुधारला नव्हता," तो म्हणाला.

तिला खोटं बोलता आलं असतं. थोडा सुधारला होता, अर्ध्या तुमच्या होत्या, असं काहीतरी. महिनाभर तिने तेच तर केलं होतं. आणि त्याचं काय झालं ते समोर ट्रेमध्ये होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पाय दाबला.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्यांपेक्षा जास्त चेपल्या. ठरलेले ट्रे केव्हाच संपले होते, तरी तो थांबला नाही. भोंगा व्हायला आला तेव्हा त्याने हात पुसले, चेपलेल्या पिनांचा वरचा एक ट्रे उचलला, दाराकडे एकदा पाहिलं आणि ठरल्यापेक्षा जास्तीचा तो ट्रे सवयीने वहिनीच्या टेबलाखाली, रिकाम्या पेटीत सरकवला. वहिनीने फडकं ओढून त्यावर घातलं, आणि दोघं घरी गेले.